पूर्ववत करा

धाकटीच्या नावाचा कागद अधीक्षकांच्या खणात पडून आहे, हे मला तिच्याआधी कळलं. त्यात चार नावं होती. सात वर्षं कंत्राटावर काढल्यावर तिला कायम करणार होते, आणि कायम झालेल्यांना हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळतं. म्हणजे ती आणि माझे दीर आमच्या घरातून बाहेर पडणार, सासूबाई आणि त्यांचा गुडघा माझ्या वाट्याला येणार, आणि सकाळचा डबा माझा मला करावा लागणार. मी काही तोंड गोड करायला गेले नाही. महिनाअखेरीला पत्र येईल तेव्हा येईल, तोवर आपण होऊन कशाला सांगा, असं मी ठरवलं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. हॉस्पिटलच्या सर्व्हर रूमची मी प्रमुख आणि ती ऑपरेटर. तिला तिथे चिकटवलं मीच, सासूबाईंनी महिनाभर डोकं खाल्लं म्हणून. ऑफिसात मला मॅडम म्हणायचं, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण घाबरली की तिच्या तोंडून 'ताई' निघतं, आणि ती सारखी घाबरते.

आमचं काम काय, ते थोडक्यात सांगते. थंडगार खोलीत लोखंडाची सहा मोठी मशीनं आहेत आणि त्या सहांच्या पोटात चौऱ्याण्णव मशीनं राहतात. ही चौऱ्याण्णव हाताला लागत नाहीत. रक्ततपासणीचं एक, औषधांच्या साठ्याचं एक, ऑपरेशनच्या तारखांचं एक. प्रत्येकाला वाटतं, हे घर आपल्या एकट्याचं आहे. एकत्र कुटुंबातल्या बायकांना जसं वाटतं तसंच. या सगळ्यांना ताब्यात ठेवणारं एक सॉफ्टवेअर असतं, आणि त्याची नवी आवृत्ती आली होती.

नव्या आवृत्तीत काय काय आहे, हे सांगायला मी माझ्या सात माणसांना फळ्यासमोर बसवलं. पहिलं, चालतं मशीन एका लोखंडातून दुसऱ्यात हलवता येतं आणि त्यावर काम करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. "आमची बदली करताना तेवढं पत्ता लागू द्या मॅडम," नेटवर्कवाला म्हणाला. दुसरं, अमुक दोन मशीनं एका लोखंडात कधीही ठेवायची नाहीत, असं सांगून ठेवता येतं. एक लोखंड बंद पडलं तर दोन्ही एकदम जायला नकोत. "म्हणजे जावांचा नियम!" पुन्हा नेटवर्कवालाच. सगळे हसले, धाकटीही हसली. तो नियम आता आमच्याकडे कागदावरसुद्धा त्याच नावाने लिहितात. मी तेव्हा हसले नव्हते. तिसरं, कोणी, किती वाजता, कुठलं बटण दाबलं याची नोंद आपोआप होते, आणि ती कुणालाही पुसता येत नाही.

चौथी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. नव्या आवृत्तीत मराठी मेनू होते. कंपनीने मोठ्या गिऱ्हाइकांकडून शब्द तपासून घेतले होते आणि आमच्याकडचं तपासणीचं काम माझ्याकडे आलं होतं. अडीचशे शब्द. मी दोन महिने कोश घेऊन बसले होते.

इथे फोटोबद्दल सांगायला हवं. मशीनमध्ये काही मोठं करायचं असलं की आम्ही आधी त्याचा फोटो काढतो. म्हणजे त्या क्षणी मशीन जसं आहे तसं पकडून ठेवायचं. काम बिघडलं तर एक बटण दाबायचं की मशीन पुन्हा फोटोतल्यासारखं होतं. मधल्या काळात त्यात जे काही लिहिलं गेलं ते गेलंच. त्या बटणाला मी शब्द दिला होता, 'पूर्ववत करा'.

"ताई... मॅडम," धाकटी म्हणाली, "हा शब्द फसवेल हो."

"का?"

"पेपरात येतं ना, पाणीपुरवठा पूर्ववत, वाहतूक पूर्ववत. म्हणजे बंद पडलेलं सुरू झालं. इथे तर मागे जातंय सगळं. कुणीतरी घाईत दाबेल. त्यापेक्षा 'जुन्या फोटोवर न्या' असं सरळ लिहिलं तर?"

मी तिच्याकडे बघितलं. बाकीचे माझ्याकडे बघत होते. तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिने मी कोश चाळले, आणि ही भाजी निवडता निवडता शहाणपण शिकवणार!

"पूर्व म्हणजे आधी. वत् म्हणजे सारखं," मी म्हटलं. "आधीसारखं. तुझ्या माहेरी शाळा नव्हती वाटतं?"

कुणी हसलं नाही. तिचे कान लाल झाले. शब्द तोच राहिला.

रविवारी दुपारपर्यंत अपग्रेड झालं. एकही मशीन कुरकुरलं नाही. कामाची पद्धत मीच लिहून ठेवली होती. अपग्रेडनंतर दोन आठवडे रोज सकाळी प्रत्येक मशीनचा नवा फोटो काढायचा, जुना टाकून द्यायचा. हे काम प्रमुखाने स्वतः करायचं, कुणावर सोडायचं नाही. शेवटचं वाक्य लाल शाईत होतं. सोमवारी मी चौऱ्याण्णव फोटो काढले. मंगळवारपासून मी अधीक्षकांसमोर करायच्या सादरीकरणात अडकले. रंग कुठले, बाण कुठे, माझं नाव पहिल्या पानावर की शेवटच्या. फोटो राहून गेले. रोजचं बॅकअपही नव्या आवृत्तीशी जमत नव्हतं आणि गुपचूप रिकाम्या फाइली ठेवत होतं. तेही बघणं माझ्याकडेच होतं. बघितलं असतं तर दिसलं असतं.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी, सकाळी अकरा वाजता, चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात मी बोलायला उभी राहणार होते. अधीक्षकांच्या उजव्या हाताला शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख आणि डाव्या हाताला मी. तेवढ्यात फोन थरथरला.

"ताई, तारखांचं मशीन अडकलंय. खिडकीवर रांग लागलीय. काय करू?"

"पूर्ववत कर," मी हळू आवाजात म्हटलं. माझ्या मनात होतं, बंद करून पुन्हा चालू कर. आपण बोलताना असंच बोलतो. तिने अपग्रेडच्या आधी नेमकं हेच सांगितलं होतं.

तिने खात्री करून घेतली. "मेनूतलं पूर्ववत म्हणताय का, ताई?"

मला काय ऐकू आलं, खरं सांगू? ती पुन्हा त्या शब्दावरून कीस काढतेय, एवढंच. अधीक्षक घड्याळ बघत होते. समोर पडद्यावर माझं पहिलं पान उघडलेलं होतं.

"हो, मेनूतलंच. दाब. आणि मला आता फोन करू नकोस," मी म्हटलं आणि फोन पालथा ठेवला.

तिने दाबलं. नंतर ती म्हणाली की तिला वाटलं, ताई रोज सकाळी फोटो काढतात, फार तर दोन तासांचं जाईल, तेवढं चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरता येईल. तिचा माझ्यावर असा विश्वास. दहा मिनिटांनी 'झालं, सुरू आहे' असा तिचा मेसेज आला, तो मी सगळ्यांना वाचून दाखवला. "बघा, बोलता बोलता मशीन उभं राहिलं. ही नव्या आवृत्तीची कमाल." दोघा-तिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

दुपारी तीन वाजता खिडकीवर एक माणूस ऑपरेशनच्या तारखेची चिठ्ठी घेऊन आला आणि ती तारीख मशीनमध्ये नव्हती. मग दुसरा आला. मग कुणीतरी मोजायला बसलं. नऊ दिवसांत अकराशे साठ जणांना दिलेल्या तारखा गेल्या होत्या, आणि रिकाम्या दिसणाऱ्या जागांवर सकाळपासून नवी माणसं बसवणं चालू होतं. दुसऱ्या दिवशी एक बाई आदल्या संध्याकाळपासून उपाशी राहून आली. तिच्या वेळेला टेबलावर भलताच माणूस होता. तिला परत पाठवलं. तीन महिने वाट बघून मिळालेली तारीख होती म्हणे. ती जिन्यात बसून रडत होती आणि मी लिफ्टने गेले.

धाकटी माझ्या खोलीत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, फोटो सोमवारचा होता. मागच्या सोमवारचा."

"आता फोटोचं काढू नकोस," मी म्हटलं. "आधी हे निस्तर. मग बघते मी काय करायचं ते."

तिने निस्तरलं. चार दिवस रेकॉर्डच्या खोलीत बसून, विभागाविभागातून वह्या मागवून, चिठ्ठ्यांच्या कार्बनप्रती उलगडून, आणि उरलेल्यांना एकेकाला फोन लावून. दिवसभर फोन कानाला. लोक तिला काय काय बोलले असतील! घरी आली की न बोलता सासूबाईंचा गुडघा शेकायची, माझा डबा भरून ठेवायची आणि झोपायची. अकराशे साठपैकी अकराशे त्रेपन्न तारखा तिने जागेवर आणल्या. माझ्या बाकीच्या सगळ्या माणसांना मिळून ते जमलं नसतं. मी तिला शाबासकी दिली नाही, कारण शाबासकी दिली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

पुढचं म्हणजे चौकशी. टेबलापलीकडे अधीक्षक आणि आणखी दोघे. समोर नोंदीचा छापील कागद. बुधवार, अकरा वाजून चार मिनिटं, धाकटीचं नाव, 'पूर्ववत करा'. त्याखाली मशीनने विचारलेला प्रश्न, 'पुढे जायचं?', आणि तिने दाबलेलं 'हो'. कोणी बटण दाबलं ते नोंदीत होतं. कोणी दाबायला सांगितलं, त्याला तिथे रकाना नव्हता. फोटो नऊ दिवस जुना का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि लाल शाईतली ती पद्धत माझ्याच खणात होती.

"मला मॅडमनी सांगितलं," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला वाटत होतं, ती एवढं म्हणाली की मी पुढचं सांगेन.

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी सरळ कानावर हात ठेवले.

"मी म्हटलं होतं, पुन्हा चालू कर," मी शांतपणे सांगितलं. "तिला काय ऐकू आलं, देव जाणे. फोनवर आवाज तुटत होता." आणि मग, आपण फार कठोर दिसू नये म्हणून, "मुलगी कामाला चांगली आहे. तिने मुद्दाम केलं नसणार."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. तिने आरडाओरडा केला असता, मला खोटारडी म्हटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. मी तयारी करूनच गेले होते. पण तिच्या कपाळावर नुसती एक आठी पडली, जणू ती काहीतरी आठवून बघत होती. "आवाज तुटत होता?" तिने हळूच विचारलं. "असेल. मला नीट वाटला होता."

अहवाल होईपर्यंत तिला घरी बसवलं.

घरात कुणी मला काही विचारलं नाही. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "तू होतीस ना तिथे मोठी? मग असं कसं झालं?" मी म्हटलं, "आई, ऑफिसात नातं चालत नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते नवऱ्यालाही ऐकवलं. तो पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

आणि धाकटी? तिने मला एकटीला गाठून विचारलं, "ताई, मी तुमचं ऐकताना चुकले असेन का हो? तुम्ही 'मेनूतलंच' म्हणालात असं मला अगदी स्पष्ट आठवतंय. पण तुम्ही कशाला खोटं बोलाल?"

अशा वेळी माणसाला लाज वाटते. मलाही वाटली. पण लाज वाटून काही बोलायचं तर खुर्ची जाते, आणि न बोलता नुसती लाज वाटून घेतली तर काहीच जात नाही. "एवढे चार दिवस फोन कानाला लावून बसलीस," मी म्हटलं. "आधीपासूनच काही होत असेल कानाला. घरीसुद्धा तुला दोनदा हाक मारावी लागते."

हे धादांत खोटं होतं. तिला एकदाही हाक मारावी लागत नाही, त्याआधीच ती समोर येऊन उभी असते. पण तिने मान हलवली. त्यानंतर मी बघत होते. टीव्हीचा आवाज ती कमी करून बघायची, मग आणखी कमी. सासूबाई बोलल्या की "काय म्हणालात?" असं विचारून खात्री करून घ्यायची. गॅसवर दूध ठेवलं की जवळ जाऊन ऐकायची. धडधाकट कानाची बाई आठवड्याभरात बहिऱ्यासारखी वागायला लागली, आणि हे मी केलं होतं.

शुक्रवारी साडेचारला अधीक्षकांनी मला बोलावलं. अहवाल त्यांच्यापुढे होता, सही व्हायची होती.

"त्या दिवशी तुम्ही माझ्या डाव्या हाताला बसला होतात," ते म्हणाले.

"हो सर."

"'हो, मेनूतलंच. दाब.' असं तुम्ही म्हणालात. माझ्या कानाशीच म्हणालात."

"मग चौकशीत तुम्ही..."

"चौकशीत प्रश्न मी विचारत होतो. मला कुणी विचारला नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "आणखी चार जणांनी ऐकलं. शस्त्रक्रियावाल्यांनी तर नक्कीच. हा अहवाल सहाला वर जाईल. त्याच्याआधी तुम्ही चार ओळी लिहून दिल्यात, फोनवरूनसुद्धा सांगितलंत, तर तिचं कायमचं पत्र निघेल. तुमची खुर्ची बहुतेक राहणार नाही. नाही सांगितलंत, तर आहे तसं जाईल."

"तुम्हाला काय योग्य वाटतं, सर?"

"मला सहाला घरी जायचंय," ते म्हणाले.

मी माझ्या खोलीत गेले, कोरा कागद घेतला, तारीख घातली. चार ओळी. मला अडीचशे शब्दांना अडीचशे शब्द सापडले होते. पंधरा मिनिटं मी त्या तारखेकडे बघत बसले. मग कागद पर्समध्ये घातला आणि घरी आले.

धाकटी स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. समोर एक पिवळं पाकीट. भिंतीवरच्या घड्याळात सहाला वीस मिनिटं कमी होती.

"ताई, बरं झालं लवकर आलात. मी आज कानाच्या विभागात जाऊन आले. आपल्याच हॉस्पिटलात. रांगेत उभी राहिले, ओळखीने गेले नाही." तिने पाकिटातून कागद काढला. "काचेच्या खोलीत बसवतात. कानाला ते हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायचं." ती थोडी हसली. "बटण दाबायचं म्हटल्यावर माझे हात थरथरायला लागले. त्या बाई म्हणाल्या, अहो, इथे चुकलं तरी काही होत नाही."

कागदावर एक आलेख होता. दोन रेषा, डाव्या कानाची आणि उजव्या कानाची, अगदी वरच्या बाजूला सरळ गेलेल्या. मला काही कळत नव्हतं तरी कळत होतं.

"दोन्ही कान उत्तम आहेत म्हणे. इतके चांगले कमी बघायला मिळतात, असं म्हणाल्या." तिने आलेखावर बोट ठेवलं. "मग मला तसं का ऐकू आलं, ताई? कानात दोष निघाला असता तर मी तसं लिहून तरी दिलं असतं. माझं डोकंच बिघडलंय का? तुम्ही होतात ना फोनवर. सांगा ना, मी काय विचारलं होतं आणि तुम्ही काय म्हणाला होतात, अगदी शब्दन् शब्द. मी एकदा ऐकते. मग परत कधी विचारणार नाही."

पर्समध्ये फोन होता. अधीक्षकांचा नंबर पहिल्याच ओळीत होता. तिच्या मागे शेगडीवर सासूबाईंचं पाणी तापत होतं. तिच्यासमोर तो आलेख होता, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, ओठ वाचायला शिकल्यासारखी.

"मी म्हटलं होतं, पुन्हा चालू कर," मी म्हटलं. एकेक शब्द सुटा करून म्हटलं.

तिने डोळे मिटून ते ऐकलं. मग मान हलवली. "पुन्हा चालू कर," ती स्वतःशी म्हणाली. दोनदा म्हणाली. पाठ करत होती.

"आणि एका तपासणीवर जाऊ नकोस," मी म्हटलं. "मशीनं चुकतात. दुसरीकडे दाखव."

"बरं." तिने कागद घडी करून पाकिटात ठेवला. घड्याळात सहाला पाच कमी होते. "उद्याच दाखवते. एकटीला जायची भीती वाटते हो, ताई. तुम्ही याल का सोबत?"

"येईन की," मी म्हटलं.